शेवेचं छप्पर

"घर बघितल्याबिगर कढई चढवायची नाय," असं म्हणून शेजारच्या मावशीने पदर खोचला, की समजायचं, शहापुरात कुणाचं तरी लग्न ठरलं. रुखवतातली खारी घरं ती बांधायची. भिंतींना खारे शंकरपाळे, खांबांना कडबोळी, कौलांना चकलीचे तुकडे, अंगणात चिवडा. तुमच्या गावातही अशी एखादी असेलच. पण बाकीच्या बायका बंगले बांधत आणि ही बाई, देव तिचं भलं करो, मुलीचं खरं सासर बांधायची. मुलाच्या गावी जाऊन, तांब्याभर पाणी मागून, घर डोळ्यांखालून घालायची आणि जसंच्या तसं उभं करायची.

एका कारकुनाच्या घराची ओटी खचलेली होती, तर तिने रुखवतातही खचवली. वरमाय रुसून जेवली नाही. तशी ती रुसणारच होती, निमित्त स्वस्तात मिळालं. "खचलीय ती खचलीय, मी काय करू?" म्हणत मावशी शांतपणे पान लावत बसली.

साठ सालाच्या आसपास माझं लग्न मुरबाडकडे ठरलं. मध्यस्थाच्या म्हणण्याप्रमाणे मुलाच्या घराला माडी होती, मंगलोरी कौलं होती, परसात विहीर होती. मध्यस्थांची घरं अशीच ऐसपैस असतात; बांधायला नुसतं तोंड लागतं. वडिलांनी घर न बघताच सुपारी फोडली. मला कुणी काही विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती.

मावशी एस.टी.ने मुरबाडला जाऊन आली आणि वडिलांना काही सांगू लागली. "बायकांनी चकल्या तळाव्यात," वडील म्हणाले.

तिने तळल्या.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवतावरचं फडकं निघालं. खाली एका खणाचं झोपडं. कुडाला जाड शेव, गवताच्या छपराला बारीक शेव. माडी नाही, कौल नाही, विहीर तर नाहीच.

"मावशी, हा गोठा कुणाचा?" वडिलांनी विचारलं.

"गोठा नाय, भाऊ. तुमच्या लेकीचं सासर हाय."

व्याह्यांनी माडी पुढच्या साली होणार असल्याचं जाहीर केलं. मध्यस्थाला अचानक आचाऱ्याकडे काम निघालं. वडील लग्न मोडायची भाषा करू लागले, काका त्यांना घराण्याच्या अब्रूची आठवण करून देऊ लागले. माझं काय करायचं हे ठरवायला दोघेही अगदी उत्सुक होते. मावशी मात्र दोघांच्या मधून वाट काढत माझ्याकडे आली.

"बाय, नीट बघून घे. हितं नांदशील का? नाय तर आताच बोल."

मी मुंडावळ्या बाजूला करून घर बघू लागले. पलीकडून नवरामुलगा हळूच म्हणाला, "बरोबर बांधलंय. खोटं सांगू नका म्हनून मी बजावलं होतं."

"नांदेन," मी म्हटलं.

घर पंगतीत खाऊन संपलं. मावशीवर माझा आजही जीव आहे, तो त्या एका प्रश्नासाठी.

पुढे काही वर्षांनी ती गेली. त्यानंतर माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न निघालं. रुखवत दुसऱ्या कुणी केलं. दुमजली बंगला, गच्चीला कडबोळ्यांचा कठडा. सगळ्यांनी वाहवा केली. मुलाचं घर आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. नणंद मान खाली घालून बसली होती. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"बाय," मी म्हटलं, "तुला विचारलंय का कुणी?"