पाइप कारखान्यामागची जागा

"उभी रहा," शेठ म्हणाले. मी उभी राहिले.

"ह्या साहेबांना सांग, तू कुठं राहतेस."

"कारखान्यामागं."

"घर आहे तुझं तिथं?"

"कोपी हाय."

"पावसाळ्यात काय करता त्या कोपीचं?"

"मोडतो."

"कोण मोडतं? मी मोडतो? नगरपालिका मोडते?"

"न्हाई. आमीच मोडतो."

शेठनी दोन्ही हात पसरले आणि सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. "ऐकलंत? स्वतः बांधतात, स्वतः मोडतात. आता ह्यांना पक्कं घर देऊन काय करायचं? तेही मोडून ठेवतील."

खुर्च्यांवरचे सगळे हसले. नगरहून आलेले साहेबसुद्धा हसले, मग रुमालानं तोंड पुसत कागदांकडे वळले. मी उभीच होते. मला बस म्हणायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, आणि आपल्या आपण बसावं एवढं धाडस मला तेव्हा नव्हतं. पुढचा माणूस बोलायला लागला तेव्हा मागून कुणीतरी लुगड्याचा काठ ओढला. मी सतरंजीच्या कडेला बसले.

ही गोष्ट दुष्काळाच्या सालची, चैत्रातली. नगरपालिकेनं गावाचा आराखडा केला होता. कारखाने कुठं, घरं कुठं, रस्ता कुठं, सगळं त्यात आखलेलं. बेलापूर रस्त्याला शेठचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना, आम्ही तिथं कामाला. त्याच्या मागं पाटापर्यंत एक पट्टा होता, तो आराखड्यात कामगारांच्या घरांसाठी ठेवला होता. कारखानदार आणि व्यापाऱ्यांना ते पटलं नाही. त्यांच्या हरकती ऐकायला ही बैठक. शेठनी आम्हा पाच जणांना पाइपांच्या टेम्पोत घालून तिथं आणलं होतं. दिवस भरलेला धरू म्हणाले. कशाला चाललोय ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. टेम्पोत बस म्हटलं की बसायचं, एवढंच आम्हाला माहीत.

मी खोटं काहीच बोलले नव्हते, आणि तेच मला लागलं. शेठनी शिवी दिली असती तर ऐकून सोडली असती, शिव्यांची सवय होती. पण माझंच खरं बोलणं घेऊन त्यांनी भरल्या सभेत माझ्या तोंडावर मारलं.

आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. तिकडं रान आहे, पण त्यात दगड जास्त. दसरा झाला की गाडीत भांडी घालून प्रवरेच्या काठी ऊस तोडायला यायचं. ऊसतोडीवाल्याचं घर म्हणजे कोपी. चार बांबू वर एकत्र बांधायचे, भोवती उसाचं पाचट लावायचं, आत वाकून शिरायचं. कोल्हारच्या बाजूला आम्ही सहा साल तोड केली. मग एका साली माझ्या नवऱ्याला पाइप कारखान्यात काम मिळालं, आणि पाठोपाठ मलाही. गाव सुटलं. कोपी मात्र सुटली नाही. कारखान्याच्या मागं तशीच उभी केली. आमच्यासारखी आणखी चार घरं होती.

माझं काम पाणी मारायचं. ओला पाइप साच्यातून काढला की त्याला गोणपाट गुंडाळायचं आणि ते सतत भिजतं ठेवायचं. पहाटे एकदा, उन्हं चढायच्या आत एकदा, मग दिवसभर. एक पाळी चुकली की पाइप तडकला. चार मैलांवरून येणाऱ्या बाईला हे जमत नाही. म्हणून शेठना आम्ही जवळ हवे होतो. रात्री कुत्रं भुंकलं तरी आम्हीच उठायचं, चोर आला तर आम्हीच ओरडायचं. राखणदार वेगळा ठेवायची शेठना कधी गरज पडली नाही.

मृगाच्या तोंडावर आम्ही कोपी मोडायचो. पाचट पावसात कुजतं, गळतं. मग चार महिने सिमेंटच्या गोदामाच्या पडवीत, एका खांबाला एक बिऱ्हाड. सिमेंटनं मुलांचे घसे धरायचे. दसऱ्याला परत त्याच जागी कोपी. मोडायची पण एक रीत होती. आधी पाचट काढायचं, मग बांबू, चूल सगळ्यात शेवटी. चुलीवर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं, दगड बाजूला लावायचे आणि जागा झाडून काढायची. माझी सासू, आम्ही तिला आत्या म्हणतो, ती असं झाडायची की तिथं कुणी राहत होतं हे शोधून सापडू नये. आणि आम्ही मोडायचो न सांगता. मालकानं सांगायची वेळ आली म्हणजे आपली अब्रू गेली, असं आत्याचं म्हणणं.

त्या दिवशी बैठकीत साहेबांनी नकाशा भिंतीला लावला. नकाशा करणारी माणसं आदल्या साली भाद्रपदात येऊन गेली होती. शेठनी काठीनं दाखवलं. कारखाना होता. पाण्याचा हौद होता. गोदाम होतं. शेठच्या म्हशींचा गोठासुद्धा आखलेला होता. मागचा पट्टा कोरा. भाद्रपदात आम्ही पडवीत होतो, आणि जागा आत्यानं झाडून ठेवली होती.

"तिथं कुणीच राहत नाही," शेठ म्हणाले. "मग घरं कुणासाठी? मला उद्या दुसरी शेड टाकायची, तर मी कुठं टाकू?"

सगळे कारखानदार एका मताचे होते असं नाही. तेलगिरणीचा मालक म्हणाला, "शेठ, काम इथं आणि माणसं तिकडं, असं चालत नाही. माझ्याकडं बेलापुराहून बाया येतात. भोंगा झाला तरी निम्म्या वाटेत असतात. जवळ घरं झाली तर मला हवीच आहेत."

त्यावर लाकडाच्या वखारीवाले म्हणाले, "जवळ घर दिलं की पाहुणे येतात. मग दुकान येतं, मग दारू येते, मग देऊळ येतं. एकदा देऊळ आलं की जागा गेली म्हणून समजा."

"आणि देवळाच्या आधी युनियन येते," आणखी कुणीतरी म्हणालं. परत सगळे हसले.

शेठचं म्हणणं साधं होतं. काम मी देतो, घर सरकारनं द्यावं. नदीपलीकडं माळ पडलाय, तिथं पाहिजे तेवढी घरं बांधा. त्या माळावर पाणी नाही, आणि नदीला पूल दूर आहे. हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

साहेबांनी मान वर केली. "पण तुम्हाला पाणी मारायला माणसं जवळ लागतात ना?"

"लागतात की," शेठ म्हणाले. "आहेतच जवळ. आम्ही कुठं नाही म्हणतो? राहू देत. फक्त घर नको."

राहू देत, फक्त घर नको. शेठ हे अगदी शांतपणे बोलले, भाजीत मीठ कमी घाला म्हणावं तसं. साहेबांनी ते लिहून घेतलं. पाठोपाठ चहा आला. मी तो प्यायले, चव कळली नाही.

परत येताना टेम्पो सिमेंट आणायला गेला होता. आम्ही चालत आलो. बरोबरची गंगूबाई म्हणाली, "जाऊ दे गं. दिवस भरला ना?" मी पुढं चालत राहिले. चार साल त्या जागेवर राहिले, दोन बाळंतपणं तिथंच झाली, एक मूल तिथं गेलं. आणि नकाशात म्हशी होत्या, मी नव्हते. आम्ही जिला अब्रू म्हणत आलो, ती आमच्याच विरुद्ध साक्ष झाली होती. हे कळलं तेव्हा मला रडू आलं नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं. पाय ओढत कोपीपर्यंत आले आणि आत जाऊन पडून राहिले.

आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या रानात ऱ्हायलं तर निघताना झाडून द्यावं बाई. मागं काडीबी ठिवू न्हाई. आपली रीतच हाय तशी."

"आत्या, आपुन निघत कुठं हाय? गोदामात जातो आन् परत येतो."

"त्ये बी खरंच," ती म्हणाली, आणि तंबाखू मळत बसली.

मग ज्येष्ठ आला. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. गावाकडून रोज माणसं येत होती, तिकडं विहिरींचे तळ दिसत होते. परत जायला गाव उरलं नव्हतं. मागचा पट्टा शेडखाली गेला तर आमची जागा गेली, आणि जागा गेली की काम गेलंच. नदीपलीकडून पहाटेच्या पाण्याला कोण पोचणार? एवढा हिशेब मलाही येत होता.

एका सकाळी मुकादम आला. "कोप्या काढा," म्हणाला. "पाऊस यायचाय."

मी वर बघितलं. "कुठं हाय पाऊस?"

"वरनं निरोप हाय."

"वरनं म्हंजी आभाळातनं का शेठकडनं?"

तो ओशाळला. बैठकीचा निकाल लागेपर्यंत शेठना ती जागा रिकामीच दिसायला हवी होती. मुकादम वाईट माणूस नव्हता, त्यालाही पोरंबाळं होती. "लई शानी हुऊ नको," म्हणाला. "दरसाल मोडता की. यंदा काय झालं?"

"यंदा मी मोडनार न्हाई."

हे मी ठरवून बोलले नव्हते. शूरपणाही नव्हता त्यात. बांबू सोडायचे, पाचट उचलायचं, चूल उपटायची, झाडायचं, पडवीत खोकायचं, आणि दसऱ्याला सगळं पहिल्यापासून, हे नुसतं डोळ्यांसमोर आलं आणि माझ्या अंगातलं बळच गेलं. मोडून मोडून मी दमले होते. मला राग नंतर आला.

बाकीच्यांनी मोडायला घेतलं. गंगूबाईची कोपी दुपारपर्यंत उतरली. आत्यानंही सवयीनं पाचटाची पेंढी ओढली. मी तिचा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून तिचा हात मी कधी अडवला नव्हता.

"आत्या, ऱ्हाऊ द्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पेंढी परत जागेवर खोचली आणि सावलीला जाऊन बसली. नवरा म्हणाला, "मी काय मोडाया हात लावनार न्हाई, आन् तुझ्या बाजूनं भांडनार बी न्हाई. मला कामाला जायाचंय." त्याच्याकडून एवढंही खूप होतं.

संध्याकाळी शेठ स्वतः आले. मागं मुकादम आणि दोन गडी. गडी आमच्यातलेच, खाली मान घालून उभे.

"तू तर समजूतदार बाई," शेठ म्हणाले.

"व्हय."

"मग हे काय चाललंय? मी तुम्हाला हाकललं का कधी? पडवी दिली, पाणी दिलं."

"दिलंत की."

"मग मोड."

"तुमाला मोडायची तर मोडा शेठ. ह्यो तुमचा कारखाना, तुमचे गडी. पन कुनी इचारलं तर मी सांगन, शेठनी मोडली. आमी मोडली आसं आता म्हननार न्हाई."

शेठ थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं होतं. हौद बोलायला लागला असता तरी त्यांनी असंच बघितलं असतं. मग त्यांनी मुकादमाला खूण केली आणि वळून निघून गेले. गड्यांनी कोपी पाडली. पाचट पसरलं, बांबू आडवे झाले, चूल एका लाथेत फुटली. त्यांनी जागा झाडली नाही, आणि मीही झाडली नाही. आत्यानं केरसुणी उचलली होती, ती मी तिला खाली ठेवायला लावली. सगळा पसारा होता तसा राहू दिला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसला पाहिजे होता. पडवीत आम्ही गेलो नाही. पोरीला कुशीत घेऊन त्या पसाऱ्यातच झोपलो.

पहाटे मी उठले नाही.

जाग होती. कारखान्यात आदल्या दिवशीचे ओले पाइप रांगेनं पडलेत, हे मला ठाऊक होतं. उन्हं वर आली. गोणपाटं वाळली असणार. गंगूबाई पडवीतून बघत होती, पण तीही पुढं झाली नाही. चार सालांत पाण्याची पाळी मी एकदाही चुकवली नव्हती, ताप असला तरी नाही. आज उठले नाही तर उद्या काम राहणार नाही, हेही कळत होतं. तरी पडून राहिले.

मुकादम पळत आला. "आगं पानी मार. पाइप तडकाया लागलं."

"कुनाला सांगतोस?"

"तुला सांगतोय."

"हितं कुनी ऱ्हात न्हाई," मी म्हटलं. "सभेत नकाशा लावला हुता, त्यात ही जागा रिकामी हाय. रिकाम्या जागेतनं पहाटेचं पान्याला कोन येनार?"

तो उन्हात उभा राहिला. मी उठून बांबू गोळा करायला लागले. आत्यानं दुसरं टोक धरलं.

"शेठला सांग," मी म्हटलं. "मानूस जवळ पायजे आन् घर नको, हे आता व्हायचं न्हाई. घर उभं ऱ्हाईल तवा पानी मारीन."

ते पुन्हा येतील. गडी आणतील, पोलीस आणतील, नदीपलीकडच्या माळावर नेऊन टाकतील. टाकू देत. मी परत येऊन इथंच बांबू रोवीन. मोडायचं काम आता त्यांचं, माझे हात त्याला लागणार नाहीत.