एक बोट सैल

"मोजलं का?"

कोणी काहीही सांगितलं तरी आबा आधी एवढंच विचारायचे. आज फार उकडतंय म्हणा, काल झोप लागली नाही म्हणा, अमक्याचा बैल तमक्याच्या बैलाला भारी म्हणा; आबा मान जराशी तिरकी करणार, एक डोळा बारीक करणार आणि विचारणार, "मोजलं का?" न मोजता बोलणाऱ्याचा त्यांना राग नसे, कीव येई. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याच्यापुढं थापा मारायची चोरी होते. आमच्या कॅनॉलच्या चौकीवर ते काम आबांकडं होतं.

सांगवीजवळ कॅनॉलचा जो फाटा निघतो, त्यावर ते पाटकरी होते. पाळी लागेल तसं कॅनॉलचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात सोडायचं, हे पाटकऱ्याचं काम. फाट्याच्या पाण्यात फुटांच्या खुणांची एक पट्टी उभी होती. आबा ती दिवसातून तीन वेळा बघायचे, मला माप सांगायचे आणि मी ते वहीत लिहायचो. मी तिथला नवा मोजणीदार, सुप्याकडच्या कोरडवाहू गावातून आलेला. आमच्या गावात पाणी दिसायचं ते विहिरीत वाकून बघितल्यावर. इथं ते आठी प्रहर कानाशी वाहत होतं, आणि मला झोप म्हणून येत नव्हती.

सकाळचं माप सांगून झालं की आबा मोरीच्या कठड्यावर पाठ ताठ करून डोळे मिटून बसायचे. मला वाटलं, म्हातारा डुलकी काढतो. एकदा विचारलंच.

"पाट बघतोय," आबा म्हणाले.

"डोळे मिटून?"

"उघड्या डोळ्यानं समद्यांनाच दिसतोय की."

मग त्यांनी रीत सांगितली. मनानं हेडपासून, म्हणजे पाट जिथं सुरू होतो तिथून, निघायचं आणि पाण्याच्या चालीनं चालायचं. शेतात पाणी सोडायचं पहिलं दार, मग वाकडा लिंब, मग बायकांचा धुण्याचा दगड, दुसरं दार, असं करत पाटाच्या शेवटापर्यंत, टेलपर्यंत. घाई करायची नाही. मन भलतीकडं गेलं, तर जिथं सुटलं त्या दारापासून परत निघायचं. एवढंच त्यांचं ध्यान. ते त्यांना कोणा बुवानं दिलेलं नव्हतं.

"बसून बघा, भाऊसाहेब. झोप लागंल, न्हायतर दारं तरी ध्यानात ऱ्हातील."

मी बांधाच्या पायथ्याशी बसू लागलो. आठवड्याभरात एका सकाळी पायांना गार काहीतरी लागलं. ते हळूहळू वर चढलं, मांड्यांपर्यंत आलं. माझ्या अंगावर काटा आला. साधुसंतांबद्दल ऐकलेलं सगळं एकदम आठवलं आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतक्यात खांद्यावर हात पडला.

"भाऊसाहेब, उठा. खेकड्यानं बांध पोखरलाय."

माझा पायजमा कमरेपर्यंत भिजला होता. आम्ही दोघांनी ते भोक चिखलानं बुजवलं. आबांनी ही गोष्ट गावात कुणाला सांगितली नाही, हे त्यांचे उपकार. पुढं चार दिवस मला बघितलं की ते मिशीवर हात ठेवून दुसरीकडं बघायचे, एवढंच.

खरी भानगड त्यानंतर सुरू झाली. मनातल्या मनात तिसऱ्या दाराशी पोचलो की माझे तळहात जड व्हायचे. मग फुगू लागायचे. एकेक बोट दुधीभोपळ्याएवढं झालंय असं वाटायचं. जीभ तोंडात मावायची नाही. पाठीच्या कण्यातून मुंग्यांची रांग वर चढायची. ताठ बसलेला असूनही मी डावीकडं कलंडतोय असं वाटायचं, आणि एक दिवस तर कमरेखाली मी नव्हतोच. डोळे उघडले की सगळं जागच्या जागी असायचं.

ह्यात भ्यायचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी माझा चुलता बघितला होता. तोही ध्यानाला बसायचा. एक दिवस म्हणाला, "माझं डोकं आभाळाला लागतंय." मग घराच्या प्रत्येक दारातून तो वाकून जायला लागला. पुढं झाडाखालून जातानाही वाकायचा, आणि शेवटी त्याला गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडून ठेवावं लागलं. आमच्या घरात त्याचं नाव काढत नसत. माझं लग्न तेव्हा इंदापूरच्या मुलीशी ठरलं होतं. तिचे वडील तहसील कचेरीत, माणसं सरळ. माझ्या हातांना जे होत होतं ती त्याचीच सुरुवात असेल, तर एका मुलीच्या गळ्यात हे लोढणं कशाला, असं मला वाटायला लागलं. मी बसणं बंद केलं. जेवण जाईना. शेवटी लग्न मोडतो असं पत्र लिहिलं आणि आबांना म्हणालो, "बारामतीला जाताय तर हे टपालात टाका. इंदापूरला जायचंय."

आबांना वाचता येत नव्हतं, पण माणूस येत होता. पाकीट हातात धरून ते खाली बसले.

"काय लिवलंय?"

मी सांगितलं. सांगताना रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. हात, जीभ, मुंग्या, चुलता, सगळं सांगून टाकलं. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मान तिरकी केली.

"हात मोठं हुत्यात म्हणताय. मोजलं का?"

मला रागच आला. पण आबा उठले. चौकीत खुंटीला सुतळीचं एक काळपट कडं लटकत असायचं. ते काय आहे, मी कधी विचारलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनगटात घातलं आणि आत तर्जनी सरकवली.

"आमची मंडळी गेली, तवापासनं मी बसाय लागलो. मला बी ह्येच झालं. हात पखालीवानी फुगायचं. सांगावं कुणाला? तीन महिनं गप ऱ्हायलो. मग ही सुतळी बांधली, एक बोट सैल. हात वाढला तर तुटंल, न्हायतर रुतंल तरी. बसून उठलो की बोट घालून बघायचो. एक बोट म्हंजी एक बोट."

"आणि माझा चुलता?"

"त्यांचं मला ठावं न्हाय. त्यांचं येगळं दुखणं असंल. न बघता कसं बोलू? तुमचं सांगा. बसला नसताना हुतं का हे? जेवताना, रस्त्यानं जाताना?"

"नाही. बसल्यावरच."

"मग मोजूया. बसल्याबिगर व्हाय लागलं, तर त्या दिवशी मी सोता तुमाला डाक्टरकडं नेतो. तवर ह्ये पाकीट माझ्यापाशी."

त्यांनी नवी सुतळी माझ्या मनगटाला बांधली, एक बोट सैल. मी कठड्यावर बसलो. तिसऱ्या दाराशी हात फुगायला लागले. त्या दिवशी तर ते इतके वाढले की सुतळी आता तुटते की मग तुटते, असं झालं. डोळे उघडले. सुतळी होती तशी होती. आत बोट घातलं. एक बोट.

मला हसू फुटलं. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं मोकळं वाटलं. आबा मात्र हसले नाहीत.

"एका मापावर इस्वास ठिवायचा न्हाय. तीन येळा."

दुसऱ्या दिवशी मोजलं, तिसऱ्या दिवशी मोजलं. तिन्ही वेळा एक बोट. मग आबांनी पाकीट परत दिलं. मी ते टराटरा फाडलं आणि पाटात भिरकावणार, तोच त्यांनी माझा हात धरला. "पाण्यात कागूद टाकू नगा. मोरी तुंबती."

नंतर त्यांनीच एकदा सांगितलं, "कोरड्या चारीला पयलं पानी सोडलं की जमीन फुसफुसती. भेगांतनं बुडबुडं येत्यात, किडं बाहीर पडत्यात. नवा शेतकरी भेतो, दार बंद करतो. आपण बंद करायचं न्हाय. जमीन भिजली की गप हुती." मी बसत राहिलो. हात फुगायचे तेव्हा फुगू दिले. महिनाभरानं ते आपोआप कमी झालं, आणि झोप तर इतकी लागायला लागली की सकाळच्या मापाला आबा मला हाक मारून उठवायचे.

लग्न झालं. बायकोला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं. तिनं सुतळीत आपलं बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "माझ्या बोटानं दोन." असं माणूस मी पत्रानं घालवणार होतो!

दोन वर्षांनी माझी बदली इंदापूरला झाली. आबा नोकरीतून मोकळे झाले आणि सांगवीत मुलाकडं राहू लागले. एका दुपारी त्यांच्या मुलाचा निरोप आला. मिळेल त्या एसटीनं मी गेलो.

आबा पडवीत वाकळेवर पडले होते. माणूस अर्धा झाला होता. मला ओळखलं. मी जवळ बसलो तसं त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. ती मी त्यांच्याकडं कधीच बघितली नव्हती.

"भाऊसाहेब, पाय गेलं बगा. हात लई मोठं झाल्यात. आन् मी बसलेलो न्हाय."

बसलेलो नाही, हे त्यांचंच माप होतं. मी मुलाला खुणेनं विचारलं. त्यानं उशाखालचं गाठोडं सोडलं, त्यातून ते काळपट कडं काढून दिलं. मी ते आबांच्या हातात चढवलं. मनगटावर ते थांबेचना. घसरत घसरत पार कोपरापाशी गेलं. मी ते हळूच खाली आणलं आणि दोन बोटांनी धरून ठेवलं.

"मोजलं का?"

"मोजलं, आबा."

"किती?"

"एक बोट."

"तीन येळा?"

मी पुन्हा मोजल्यासारखं केलं. "एक बोट." आणि पुन्हा, "एक बोट."

आबांनी लांब श्वास सोडला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. "मग काय न्हाय," ते म्हणाले आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं ओठ हलायला लागले. मी कान जवळ नेला. पहिलं दार. वाकडा लिंब. धुण्याचा दगड. पाणी हेडवरून निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा गेले. अगदी शांतपणे गेले, असं मुलगा म्हणाला. मी पुढं कितीतरी वर्षं पट्टीवरचं पाणी मोजलं आणि वहीत एकही माप खोटं लिहिलं नाही. त्या दिवशी मात्र लागोपाठ तीन वेळा खोटं सांगितलं. ते सांगितलं म्हणून मला अजून बरं वाटतं.