छापू नये

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी भंडाऱ्यातल्या वंशावळ मंडळात जाऊ लागले. मंडळ म्हणजे वाचनालयाच्या मागची एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि सात-आठ माणसं, बहुतेक पेन्शनर. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही जमायचो. कपाटात जुन्या कोतवाल-पंजीच्या, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या झेरॉक्स होत्या. शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरमधून हाताने उतरवलेल्या याद्या होत्या. जातपडताळणीसाठी पणजोबाचं नाव शोधत मुलं-मुली यायच्या. त्यांची वंशावळ जुळली की आम्हा म्हाताऱ्यांनाच परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं.

मंडळ सरांनी उभं केलं होतं. माझ्या पहिल्या नोकरीच्या शाळेत ते मुख्याध्यापक होते. माझा नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत होता. तो आजारी पडला तेव्हा तीन महिने माझे तास सरांनी स्वतः घेतले आणि त्याचा उल्लेखही कधी केला नाही. दरवर्षी शिक्षक दिनाला मी त्यांच्या घरी नमस्काराला जायची.

सरांचे गुडघे गेलेले, म्हणून खेड्यांत फिरायचं काम माझ्याकडे आलं. कागदावर सापडतात ते पुरुष. कोणाच्या घरी कोणती मुलगी कुठून आली, कोणती कुठे गेली, हे बायकांनाच ठाऊक असतं आणि बायका माझ्याशी बोलत. तुमसरकडच्या एका गावात तलावाच्या पाळीला लागून मासे धरणाऱ्या धिवरांची घरं आहेत. तिथल्या एका म्हातारीला पाच पिढ्या तोंडपाठ होत्या. शिंगाडे सोलता सोलता ती नावं सांगायची आणि मी वहीत उतरवायची.

तिसऱ्या खेपेला तिचा मुलगा जाळं घेऊन तलावावर गेला होता. तो पन्नाशीचा, गावातल्या मच्छीमार संस्थेचा सचिव. तो पाळीवरून दिसेनासा झाल्यावर म्हातारीने हातातला विळा खाली ठेवला.

"बाई, एक सांगतो तुले. पन लिवू नोको."

"नाही लिहीत."

"हा माह्या पोटचा नाही. माहा पयला पोरगा आठव्या रोजी गेला. त्याच हप्त्यात माही ननंद बाळंत झाली. लगन नव्हतं झालं तिचं. सासूनं ते लेकरू माह्या मांडीवर आनून ठेवलं. म्हने, दूध आहे तं पाज."

"त्यांना माहीत आहे?"

"कायले सांगू? तो मले माय म्हनते."

"मग मला का सांगितलंत?"

तिने विळा परत हातात घेतला. "ननंद दोन सालांत मेली. तिचं नाव कोनाच्याच कागदात नाही. कोनाले तं मालूम पाहिजे ना, का तेही माय होती."

मी घरी आले आणि लिहिलं. हे मला आधी सांगायला हवं. आयुष्यभर टाचणं काढायची सवय, वय झाल्यावर विसरण्याची भीती, आणि खरं म्हणजे एवढी मोठी गोष्ट माझ्याकडे आली याचा थोडा अभिमानही. समासात मी लाल शाईने लिहिलं: छापू नये. त्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्या हिवाळ्यात मंडळाने जिल्ह्यातल्या घराण्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं. सरांनी माझ्या वह्या मागितल्या. त्या देताना ते पान मी त्यांच्यासमोर उघडलं.

"सर, एवढं सोडून."

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला. "अहो बाई, हे मला सांगावं लागतं का? हे तुमच्या-माझ्यात राहील."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

प्रकाशनाला आम्ही सगळ्या घरांना बोलावलं होतं. पाळीवरचा तो मुलगाही आला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आपल्या गावाचं नाव पुस्तकात आहे याचं त्याला अपार कौतुक. एक प्रत स्वतःसाठी, एक संस्थेच्या कार्यालयासाठी, अशा दोन प्रती घेऊन तो तुमसरच्या बसला धावला. जाताना मला म्हणाला, "मॅडम, मायले वाचून दाखवतो आजच."

तो गेल्यावर मी पुस्तक उघडलं. त्याच्या घराची वंशावळ उजव्या पानावर होती. त्याच्या नावापासून म्हातारीकडे जाणारी रेघ ठिपक्यांची होती. सरळ, ठळक रेघ तिच्या नणंदेकडे जात होती. खाली बारीक अक्षरात सगळी हकीकत आणि शेवटी, 'मौखिक माहिती' म्हणून, म्हातारीचंच नाव.

मी बाहेर रस्त्यावर धावले. बस निघून गेली होती.

सर चहाच्या टेबलाजवळ लोकांचे नमस्कार घेत होते. मी पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"हे काय केलंत?"

"संशोधनात लपवाछपवी चालत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. रागावतानाही त्यांचा आवाज असाच असायचा. "एक वंशावळ जाणूनबुजून चुकीची छापली तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील?"

"तर मग ते घर गाळायचं होतं. तुम्ही शब्द दिला होता मला."

"शब्द तुम्हीही दिला होता, बाई. तुम्ही लिहिलं नसतं तर मी काय छापणार होतो?"

कोणीतरी फोटोसाठी त्यांना हाक मारली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गावात गेले. मुलगा पाळीवरच भेटला. जाळं कोरडंच होतं.

"मॅडम, काल मी मायपाशी बसून मोठ्यानं वाचलं," तो म्हणाला. "वाचता वाचता समजलं. थांबताही नाही आलं."

त्याने घराकडे मान हलवली.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून ना उठली, ना बस म्हणाली.

"लिवू नोको म्हनलं होतं ना वो बाई?"

"हो."

"मंग काहून लिवलं?"

सरांचं नाव ओठांवर आलं होतं. पण तिने सरांना काहीच सांगितलं नव्हतं. तिने मला सांगितलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"तो कालपासून मले हाकच मारून नाही राहिला," ती म्हणाली. "काही लागलं तं भिंतीकडे पाहून मांगते."

पुढच्या बैठकीत मी मागणी केली की वाटलेल्या प्रती परत मागवाव्यात, निदान त्या पानावर कागद चिकटवावा. कोणी वर पाहिलं नाही. या माणसांबरोबर मी सहा वर्षं डबा वाटून खाल्ला होता. एकजण म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, कोण वाचते असले पुस्तकं?" सर म्हणाले, पुढच्या महिन्याच्या विषयपत्रिकेवर घेऊ. मी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर आले.

मग मी एकटीच घरोघरी फिरले. अकरा घरांनी पुस्तक परत दिलं. काहींनी दिलं नाही. एका घरी मला चहा देऊन विचारलं, "पाळीवरच्या त्या बाईचं खरं आहे का हो?" मी चहा तसाच ठेवून उठले.

उन्हाळ्यात तुमसरच्या बाजारात तो मुलगा दिसला, मासळी घेऊन बसलेला. टाळून जावं असं वाटलं, पण त्याने पाहिलं होतं. "आई कशा आहेत?" मी विचारलं. "आहे बरी," तो म्हणाला. मासळीवर पाणी शिंपडत म्हणाला, "आत्याले जिथं जाळलं ते जागा दाखवली तिनं." तो त्या बाईला आत्या म्हणाला. घरात काय घडलं, कोण रडलं, कोण बोललं, हे त्याने सांगितलं नाही आणि विचारायचा हक्क मला उरला नव्हता. गिऱ्हाईक आलं तसा तो तिकडे वळला.

यंदा शिक्षक दिनाला मी सरांकडे गेले नाही. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"बाई, आला नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे, सर."

"जपून राहा. ऊन-पावसाचे दिवस आहेत."

त्यांच्या आवाजात पूर्वीचीच माया होती. ती खोटी असती तर मला सोपं गेलं असतं. मी "हो" म्हटलं आणि त्यांनी ठेवेपर्यंत फोन कानाशी धरून तशीच उभी राहिले.