जाळ्याचं दप्तर

काल पडद्याच्या नायलॉन दोरीचं टोक काडीने जाळलं आणि तो करपट वास आला. मासेमारीच्या फाटक्या जाळ्याच्या दोऱ्यांची टोकं अशीच जाळून आईने माझं दप्तर विणलं होतं. पनवेलच्या शाळेत मुली त्याच्या माशांच्या वासाने नाक दाबायच्या. एके दिवशी वैतागून मी ते मुद्दाम बसमध्येच ठेवून उतरले.

संध्याकाळी कंडक्टर दप्तर घेऊन दारात हजर! "वहीवर नाव-पत्ता होता, ताई."

"बघ, मानसं किती चांगली हायत!" म्हणत आईने त्याला सुके बोंबील बांधून दिले. मला संतापाने रडूच फुटलं. आईने जवळ घेतलं. "गावलं ना दप्तर? आता नको रडू."

आई वारली, तोवर मी तिला खरं सांगितलंच नाही. त्याची स्वतःवरची चीड अजून जात नाही.