डोकं गेलेल्या बाईची सही

“तिला काय इचारताय सायेब? केमोनं डोकं गेलंय तिचं. अंगठा घ्या न् मोकळं करा.”

पौडच्या नोंदणी कचेरीत माझा थोरला भाऊ सगळ्यांदेखत हे बोलला. मी दहावी पास हाय. अंगठा म्हणे!

सायबानं इतकंच इचारलं होतं, “बाई, कशावर सही करताय, ठाऊक आहे ना?” ठाऊक होतं की. हक्कसोडपत्र. पण शब्द जिभेवर येईना. “ते... जमिनीचं... सोडायचं...” रांगेतली माणसं हसली. भावजय पदराआड हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

छातीच्या कॅन्सरपायी सहा केमो झाल्या. केस परत आले, डोक्यातलं धुकं काय हटंना. गॅसवर दूध ठेवते न् विसरते. लेकीला हाक मारायला जाते, तर नावच सापडत न्हाई. लई रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “औषधांनी असं होतं. हे वेड नाही. लिहून ठेवत जा.” तवापासून पिशवीत वही असते.

नांदे गावातल्या आमच्या बापाच्या जमिनीवर आता बिल्डर आलाय. आमच्यात अशा वक्ताला बहिणीनं सही करायची, साडी न्यायची, माहेर राखायचं. मीबी करणारच होते! दादानं दिलेलीच साडी नेसून गेले होते. मुकाट सही केली असती. पण त्यानं माझं डोकं काढलं.

मी वही उघडली. त्या दिवसाच्या पानावरचा शब्द मोठ्यानं वाचला, “हक्कसोडपत्र.” मग इचारलं, “सायेब, डोकं गेलेल्या बाईची सही चालती व्हय?”

सायबानं कागद बाजूला सारला. “नाही चालत.”

भाऊ गडबडला. “तसं न्हाई सायेब, चांगली शानी हाय ती! चेष्टा केली मी.”

“शानी हाय ना, दादा? मग शानी बाई सही करत न्हाई.”

“माहेर तुटलं तुझं!” तो वराडला.

तुटू दे. केमोच्या खुर्चीत बसले होते तवा कुटं होतं माहेर?

घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर त्याचं बोलणं लिवलं, शब्द न् शब्द. खाली लिवलं, सही करायची न्हाई. रोज सकाळी च्याच्या आधी वाचते. विसरणं माझ्या हातात न्हाई. सही हाय. ती त्याला मिळणार न्हाई.