अक्काला न म्हणू दिलेलं गाणं

अक्का गेल्याचा फोन धुळ्याहून सकाळी सव्वासातला आला, तेव्हा मी पारोळ्यात घरी दाढी करत होतो. दाढी पूर्ण केली, मग निघालो. लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. पस्तीस किलोमीटरवरच्या सख्ख्या बहिणीकडे मी एकवीस वर्षांत तीनदा गेलो होतो. ही चौथी खेप.

अक्का धुळ्याला येण्याआधी पिंपळनेरकडे आश्रमशाळेत शिक्षिका होती. तिथल्या प्रार्थनेला जाऊ लागली, बाप्तिस्मा घेतला आणि येशूची गाणी म्हणू लागली. पत्र्याच्या प्रार्थनाघरांपासून मोठ्या सभांपर्यंत तिला बोलावणी येत. शब्द तिचे, अहिराणीतले. चाली मात्र आमच्या आईच्या, जात्यावरच्या. माझा राग याचाच. "आईच्या चाली बाटवल्यास तू," असं मी तिला तोंडावर म्हणालो होतो. ती हसली. "चाल कधी बाटस का रे भाऊ?"

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं. आमच्याकडे नवरीला पहिली हळद फुई, म्हणजे आत्या, लावते आणि पहिलं गाणंही तीच म्हणते. अक्काला फक्त तेवढंच हवं होतं. "जुनंच गानं म्हनसू भाऊ. येशूनं नाव लेवाव नही," तिने फोनवर सांगितलं. मी हो म्हणालो. दोन्हीकडची हळद एकाच मांडवात होती. व्याह्यांकडची एक बाई म्हणाली, "फुईबाई गाणार? मग पाव वाटा सगळ्यांना!" हशा पिकला. मीही हसलो... अक्काने घसा साफ केला, तोंड उघडलं, तेवढ्यात मी डीजेवाल्याला हात केला आणि डीजे दणाणला. तिचं तोंड उघडंच राहिलेलं मी पाहिलं. आईनेही पाहिलं. हळद दुसऱ्याच बाईने लावली. अक्का दोन तास चाळीस मिनिटं खुर्चीवर बसून होती. मग मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून बसस्टँडला निघून गेली. नऊ महिन्यांनी ती हृदयविकाराने गेली.

दफनभूमीत दोनशेच्या वर माणसं होती. सगळ्यांना तिचं गाणं पाठ होतं, आणि चाल आईची. मला शब्द येत नव्हते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आपण कोण?"

"भाऊ."

"अक्कांना भाऊ होता?" त्या म्हणाल्या. "कधी बोलल्या नाहीत..."

आई चौऱ्याऐंशीची आहे, माझ्याकडेच असते. दर रविवारी मी बाजारात गेलो की अक्का तिला फोनवर गाऊन दाखवायची, हे मला आता कळलं. माझ्या मुलीने अक्काच्या आवाजातली ती गाणी आईच्या मोबाइलमध्ये भरून दिली आहेत. परवाच्या रविवारी मी बाजारात गेलोच नाही. आईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "लाव, मीही ऐकतो."

आईने मोबाइल पदराखाली घेतला. "तू भायेर जाय. मंग लावसू."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आतून कडी लागली.