पऱ्हाट्या समजून उपटलेलं रान

यवतमाळच्या ज्या लेआउटमध्ये माझं घर आहे, तिथे नकाशात एक ओपन स्पेस होती आणि प्रत्यक्षात एक उकिरडा होता. आमच्या फाटकासमोरच. कुणाच्या तरी बाथरूमच्या उखडलेल्या फरशा, फुटक्या विटा, कमरेएवढं गाजरगवत आणि मधूनमधून सुबाभळी. पाहुणे विचारायचे, "समोर मोकळी जागा हाय, मस्त हवा येत असंन नाई?" हवा यायची, पण वासासकट.

मी दारव्ह्याकडच्या खेड्यातली. आमच्या घरामागून नाला जायचा आणि त्याच्या दोन्ही काठांवर कुणीच न लावलेली झाडं होती. शाळेतून येताना दप्तर बोरीखाली टाकायचं आणि आधी पोट भरायचं, मग घरी जायचं. टेंभरं पिकली की ओढणीच्या पदरात बांधून आणायची. होळीच्या आधी आई पळसाची फुलं परातीत भिजत घालायची आणि चार दिवस तिच्या नखांचा पिवळेपणा जायचा नाही. गवतातून लावे भर्रकन उडाले की आम्ही दरवेळी दचकायचो, आणि दरवेळी एकमेकींना हसायचो. आता तो नाला सिमेंटच्या पाइपातून जातो. माहेरी गेले की मी तिकडे फिरकत नाही. मला ते सगळं परत हवं होतं, आणि साठी ओलांडलेल्या बाईला हवं असतं तसं, ताबडतोब हवं होतं.

साथ दिली शेजारच्या ताईने. ती बंजारा; दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, आवाज खणखणीत, तोंड त्याहून. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरले. आता राळेगावकडे त्यांचा तांडा आहे, सोयाबीन आहे. पळसाच्या फुलाला तिच्या बोलीत केसुला म्हणतात. नर्सरीवाल्याने आम्हाला सायकस आणि विदेशी पाम दाखवले तेव्हा ती त्याला म्हणाली, "हे तं लग्नाच्या हॉलमधलं सामान हाय, झाडं दाखवा." शेवटी बिया तिनेच तांड्यावरून आणल्या. पळस, टेंभुर्णी, बोर, हिवर. घरच्या घरी पिशव्यांत रोपं केली, दोन मजूर लावून गाजरगवत उपटलं, फरशा कडेला रचल्या आणि पावसाळ्यात सगळी रोपं जमिनीत लावली. तरोटा आणि पवन्या गवत आपोआप आलं. तरोट्यावर पिवळी फुलपाखरं आली तेव्हा आम्ही दोघी चहाचे कप घेऊन तिथेच उभ्या राहिलो.

यांचं मात्र या जागेत मन नव्हतं. जागेत कसलं, लेआउटमध्येच नव्हतं. हे आता नाहीत, पण तेव्हाची त्यांची ती पाठ मला अजून दिसते, फाटकाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीतली. बाभुळगावच्या बाजूला यांचं वावर होतं. जन्मभर कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. गुडघे गेले तेव्हा वावर धाकट्या भावाकडे कसायला दिलं आणि मुलाने आम्हाला यवतमाळात 'आणून ठेवलं'. हा शब्द यांचाच. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. माझ्याशी बोलणं 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर. पेरणी जवळ आली की भावाला फोन लावायचे, "मले घेऊन जाय." भाऊ टाळायचा, तेही यांच्याच गुडघ्यांसाठी. डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं ठीक आहे, मन रमवा. जसं काही मन रमवायच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात. मला कशाची भीती होती ते स्पष्टच सांगते. हा माणूस एक दिवस त्या खुर्चीत बसल्या बसल्या विझून जाईल आणि भाजी निवडता निवडता मला पत्ताही लागणार नाही, याची.

आमच्या रोपांकडे ते खुर्चीतूनच बघायचे. एकदा म्हणाले, "कचरा लावून राह्यल्या काय वो तुमी दोघी?" आमच्याकडे वावरातल्या तणाला कचरा म्हणतात. म्हणजे त्यांच्या हिशेबाने त्यांनी शिवी दिली नव्हती, निदान केलं होतं. जे ओळीत नाही ते पीक नाही, आणि जे पीक नाही तो कचरा.

उन्हाळ्यात आम्ही दोघी ताईच्या भाचीच्या लग्नाला राळेगावला गेलो. परत आलो, ऑटोतून उतरलो आणि समोर पाहिलं तर ओपन स्पेस अंगणासारखी स्वच्छ. गवताची एक काडी नाही. कडेला सुक्या काड्यांच्या नीट बांधलेल्या मोळ्या. आणि मधोमध हे, बनियनवर, धुळीने माखलेले, हातात कुणाकडून तरी आणलेला पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा.

"झालं साफ," ते म्हणाले. "साऱ्या पऱ्हाट्या उपटून टाकल्या. आता मिरगाच्या आधी एक वखरपाळी देली का रान तयार."

कापूस निघून गेल्यावर वावरात वाळलेली झाडं उभी असतात, त्या पऱ्हाट्या. उन्हाळ्यात त्या उपटायच्या, जाळायला घरी आणायच्या, रान मोकळं करायचं. चाळीस-पन्नास वर्षं हेच केलेल्या माणसाला उभी सुकी काडी दिसली की हात शिवशिवणारच. आणि आमची कोवळी रोपं उन्हाळ्यात पानं गाळून अगदी तशीच दिसत होती. परप्रांतातल्या माणसाने त्या काड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आमच्या कापसाच्या माणसाने एकेक शोधून उपटली.

ताई तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. मला ते कळलं नाही, आणि न कळलेलंच बरं. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी विचारलं, "जेवाले काय हाय? लय भूक लागली." दोन वर्षांत या माणसाने भूक लागली म्हणून सांगितलं नव्हतं. आता रागवायचं की वाढायचं? मी वाढलं. दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्याला नावं ठेवली आणि वर ताक मागितलं.

मी सांगितलं नसतं. पण ताईच्या पोटात गोष्ट राहत नाही. दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी येऊन म्हणाली, "भाऊजी, त्या पऱ्हाट्या नोहत्या. पळस होता, टेंभुर्णी होती. जित्ते होते झाडं." हे उठून मोळीजवळ गेले, एक काडी मोडून पाहिली. आत हिरवी होती. मग येऊन खुर्चीत बसले ते बसलेच. पुढे पावसात आत राहिलेल्या मुळांना फुटवे आले, पळस तर असा सहज मरत नाही हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आज तो माझ्या डोक्याच्या वर गेला आहे आणि गेल्या हिवाळ्यात त्याच्याखालून लावे उडाले. पण तेव्हा यांना ते सांगून उपयोग नव्हता. अर्ध्या भाकरीची पाव झाली. "आता इथंही काई कामाचा राह्यलो नाई," एवढं एक वाक्य त्या आठवड्यात मी ऐकलं. मला वाटलं, जाऊ दे ती झाडं, मसणात जावोत सगळी, पण हा माणूस असा नको.

आणि मग टिटवी आली. तिला झाडी नकोच असते. उघडी, खडबडीत, काहीही नसलेली जमीन हवी असते, आणि यवतमाळात तेवढी साफ जमीन यांनीच करून ठेवली होती. चार अंडी, विटांच्या तुकड्यांमध्ये, चार खडे गोळा केले त्यालाच घरटं म्हणायचं. तिच्या ओरडण्यावरून यांना खुर्चीतूनच कळलं. वखर चालवताना टिटवी समोर येऊन ओरडायला लागली की बैल वळवायचे, तेवढा तुकडा तसाच सोडायचा, ही तिकडची रीत. यांनी खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून, त्या जागेच्या कडेला नेऊन ठेवली. मी छत्री दिली.

तिथून पुढे त्यांची नोकरीच सुरू झाली. कुत्र्यांना काठी. क्रिकेटवाल्या पोरांना, "पीच तिकडं घ्या रे." लेआउटच्या सभेत तिथे सिमेंटचे गट्टू बसवायचं ठरलं होतं म्हणून मुरमाची ट्रॉली आली, तर हे तिच्यासमोर उभे. "अंडे हायेत," म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, "कोणाचे?" "माह्ये," म्हणाले. ट्रॉली परत गेली. लेआउटभर ते हसू पसरलं आणि गट्ट्यांचा विषय त्या हसण्यात मागे पडला. संध्याकाळी जेवताना मला बातम्या मिळायच्या. नर कुठूनतरी पोट भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो, म्हणजे अंडी तापत नाहीत. "एवळ्या उनात, पाय बरं," म्हणायचे आणि दुसरी भाकरी घ्यायचे. ताईही आता खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसायला लागली. ती त्यांना चिडवायची, "भाऊजी, बाळंतपण माह्याकडं ठेवा, मी नर्स होती."

मिरग तोंडावर आला आणि एका सकाळी दीर मोटारसायकलवर आले. या वर्षी त्यांनाच भावाची दया आली होती. म्हणाले, "चाल दादा, पेरणीले. बांधावर खुर्ची टाकून देतो, तू फक्त बसून सांगजो." दोन वर्षं हे याच वाक्यासाठी फोन करत होते. मी त्यांचे कपडे भरायला आत गेले. कपाटात हात घातला तर त्यांचा खण जवळजवळ रिकामा. दाराआड एक पिशवी होती. तिच्यात पायजमे, सदरे, जुना पंचा, सगळं घड्या घालून भरलेलं. आल्या दिवसापासून त्यांनी ती रिकामी केलीच नव्हती. घरात रोज झाडू मारणाऱ्या बाईला हे दिसू नये, याचं मला फार वाईट वाटलं. पिशवी घेऊन मी दारापर्यंत आले.

बाहेर दीर विचारत होते, "काहून येत नाई?"

"पिल्लं निघाची हायेत," हे म्हणाले. "मी गेलो तं कुत्रे ठेवतीन काय?"

"दादा, तिकडं सारं वावर पेराचं हाय."

"तू पेर ना. अन् हे पाय, टॅक्टरसमोर टिटवी वरडली तं वळवून घेजो."

दीर चहा पिऊन एकटेच गेले. मी आत येऊन पिशवी पलंगावर उलटी केली आणि एकेक कपडा त्यांच्या खणात लावला. रडू येत होतं, ते येऊ दिलं. त्या घरात आम्हाला दोन वर्षं झाली होती. हे मात्र राहायला आले ते त्या दिवशी.